माणसं, झाडांसारखी

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी गवताच्या गंजीवर धुडगूस घालून आलो की कुणाच्या तरी डोळ्यात कुसळ गेलेलं असायचंच. मग आजी त्याला दारात उजेडाकडे तोंड करून बसवायची, पदराच्या टोकाला पीळ देऊन वात करायची, पापणी उलटायची आणि थोडा वेळ नुसती बघायची. श्वास रोखून. भोवती आम्ही सगळे ओरडत असू, "ते बघ, तिकडे कोपऱ्यात!" दिसत सगळ्यांनाच होतं. काढायला मात्र तीच लागायची.

आजीच्या त्या बघण्यासाठी ग्रीक भाषेत एक क्रियापद आहे, दियाब्लेपो. 'ब्लेपो' म्हणजे पाहणं आणि 'दिया' म्हणजे मधून, आरपार. आपल्याकडे शाळेत संस्कृत शिकताना 'दृश्' धातूचं वर्तमानकाळी 'पश्यति' होतं म्हणून मुलं चक्रावतात. ग्रीकमध्ये तोच प्रकार आहे. 'होराओ', म्हणजे पाहतो. भविष्यकाळात त्याचं 'ऑप्सोमाय' होतं आणि भूतकाळात 'एइदॉन'. हा 'एइदॉन' आपल्या 'विद्' धातूचा सख्खा भाऊ, ज्याच्यापासून वेद आणि विद्या आली. शिवाय ब्लेपो वेगळं, आणि त्याला उपसर्ग लावून झालेली पिलावळ वेगळी. त्या पिलावळीतलं दियाब्लेपो नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या उत्तरार्धात, जेमतेम तीन वेळा येतं.

तिन्ही जागा शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांत आहेत. त्यांतल्या दोन कुसळाच्याच, मत्तय 7:5 आणि लूक 6:42. तुम्हाला ते वचन म्हणीसारखं पाठ असेल. भावाच्या डोळ्यातलं कुसळ पाहतोस आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ तुझ्या ध्यानात येत नाही. मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही बरं का. तिथे 'दोकोस' आहे, घराची तुळई. येशू सुतार होता, तेव्हा तुळई त्याच्या रोजच्या हाताखालची. मराठी भाषांतरात ती उखळाजवळ आली आणि कुसळ-मुसळ असं यमकही जुळलं. मला हा बदल फार आवडतो.

पण आपण ते वाक्य अर्ध्यावरच तोडतो. समोरच्याला गप्प करायला पहिला अर्धा भाग पुरतो ना! पुढे येशू म्हणतो, आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याइतकं तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळाकडे बघूच नकोस असं तो म्हणतच नाही. ते काढायचंच आहे. बोलण्याच्या सुरुवातीला, दोष दिसतो तिथे, साधं 'ब्लेपो' आहे. शेवटी, हात घालायची वेळ येते तिथे 'दियाब्लेपो' येतं. आम्ही पोरं ब्लेपोवाली, आजी दियाब्लेपोवाली.

तिसरी जागा मार्कच्या आठव्या अध्यायात आहे. 22 ते 26, अवघी पाच वचनं. बेथसैदा गावात लोक एका आंधळ्याला घेऊन येतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, "तुला काही दिसतं का?" तो माणूस म्हणतो, मला माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना.

हे वाक्य ग्रीकमध्येही अडखळतं. त्यात ब्लेपो आहे आणि होराओही आहे, पाहणं दोनदा. गडबडलेला माणूस बोलतो तसंच. पण त्यात एक खुबी आहे. 'चालणारे' हा शब्द तिथे पुल्लिंगी आहे आणि ग्रीकमध्ये झाड नपुंसकलिंगी. त्यामुळे चालतायत ती माणसं, झाडं नव्हेत, हे नुसत्या प्रत्ययावरून कळतं. मराठीत मात्र माणूस पुल्लिंगी असला, तरी अनेकवचनात 'ती माणसं' आणि 'ती झाडं' एकाच लिंगाची. 'चालणारी' म्हटलं की दोघांनाही लागू. व्याकरणाने आपल्याला त्या आंधळ्याच्याच जागी नेऊन उभं केलंय म्हणा ना.

आता, झाड कसं दिसतं हे त्याला ठाऊक कसं? तो जन्मांध नसावा. पुढे मार्क त्याच्याबद्दल जो शब्द वापरतो त्याचा अर्थही 'पूर्ववत झाला' असाच आहे. लहानपणापासून आंधळा असता तर काय झालं असतं, याची एक नोंद आहे. विल्यम चेसेल्डन या इंग्रज शल्यवैद्याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया केली आणि 1728 साली तिची हकीकत छापली. मुलाला दिसू लागलं, पण समोर मांजर आहे की कुत्रा हे काही कळेना. सारखं विचारायची लाज वाटून त्याने एकदा मांजर उचललं, हाताने चाचपलं, मग तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि खाली सोडताना म्हणाला, आता पुढच्या वेळी ओळखेन तुला. त्याचं हे टक लावून पाहणं म्हणजेच दियाब्लेपो. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात, मरणाच्या दिवशी, शिष्याने अवघड शंका काढल्यावर सॉक्रेटिस आधी आपल्या सवयीप्रमाणे डोळे रोखून पाहतो. तिथेही हेच क्रियापद आहे.

बेथसैदाकडे परत येऊ. येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. बरं होणं असं दोन टप्प्यांत घडल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत ही एकच. मार्क लिहितो, 'दियेब्लेप्सेन', त्याने नजर रोखून पाहिलं. मग तो पूर्ववत झाला. आणि मग 'एनेब्लेपेन', तो पाहत राहिला. पहिलं रूप एका क्षणाचं, दुसरं चालू राहिलेल्या क्रियेचं. आपण 'दिसू लागलं' म्हणून मोकळे होतो. दिसण्यात माणसाला काही करावं लागत नाही, पाहण्यात लागतं. 'मला दिसतं' आणि 'मी पाहतो' हा फरक मराठीत इतका चोख आहे, तर भाषांतरात तो सांडू का द्यावा?

इथे हस्तलिखितांचा एक तंटाही आहे. चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या दोन्ही पोथ्यांत 'दियेब्लेप्सेन' आहे. पण 1611 च्या इंग्रजी बायबलने ज्या छापील ग्रीक पाठावरून भाषांतर केलं, त्यात तो शब्दच नाही. तिथे येशूने 'त्याला वर पाहायला लावलं' असं आहे. एका पाठात कर्ता येशू, दुसऱ्यात तो आंधळा. मी जुन्या पोथ्यांच्या बाजूचा. येशूचे हात डोळ्यांवर असतानासुद्धा पाहायचं काम त्या माणसाकडेच राहतं, हे मला खरं वाटतं.

त्याच वचनाच्या शेवटी दोन पाठांत आणखी एक फरक आहे, फक्त एका अक्षराचा. जुन्या पोथ्या म्हणतात 'हापान्ता', त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं. छापील पाठात शेवटी एक सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', जास्त आहे, 'हापान्तास', म्हणजे सगळे जण. इथे मात्र माझं मन छापील पाठाकडे ओढ घेतं. मघाशी झाडं होती ती.

नमस्कार.