दुसऱ्या नावाचा रकाना

(दृश्य: गिरगावातल्या चाळीची गॅलरी. दोरीवर कपडे, स्टुलावर लॅपटॉप. खालून भाजीवाल्याची आरोळी.)

“काका, मी मुंबईत पहिल्यांदाच आलेय असं समजा. राणीच्या बागेत कशी जाऊ?”

“भायखळ्याला उतर. पूर्वेला बाहेर ये. मग विचार कुणालाही.”

“‘विचार कुणालाही’ असं नाही हो लिहिता येत!”

काका बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. शेजारच्या खोलीतली ही मुलगी कॉलेजात शिकते. रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की दोघं विकिव्हॉयेजवर मुंबईच्या नोंदी लिहायला बसतात. काका मराठीत सांगतात, ती इंग्रजीत टाइप करते. मधे एखाद्या शब्दावरून जुंपते.

विकिव्हॉयेज ही विकिपीडियाच्याच घरातली प्रवासाची मार्गदर्शिका. जानेवारी २०१३मध्ये ती विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या छपराखाली आली. इथे कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. काय लिहिलं नि काय खोडलं, ते पानाच्या इतिहासात राहतं. एका ठिकाणाची नोंद म्हणजे छोटासा फॉर्मच. नाव, पत्ता, तिथे कसं पोचायचं, फोन, वेळ, दर, दोन-चार ओळींचं वर्णन. आणि नावाशेजारी आणखी एक रकाना: दुसरं नाव.

काकांचा जीव अडकला तो या रकान्यात.

(दृश्य: भायखळा. उद्यानाचं प्रवेशद्वार, त्यावरची पाटी.)

पाटीवर आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पाहुण्याच्या मोबाइलवरही तेच. आता तेवढंच नाव घेऊन टॅक्सीत बसून बघा. ड्रायव्हर आरशातून दोनदा बघेल, मग म्हणेल, “राणीबाग बोलो ना!” नोंदीत दोन्ही नावं नसतील, तर ती अर्धीच. प्रभादेवी स्टेशन २०१८पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. व्हीटीचं १९९६मध्ये सीएसटी झालं, २०१७मध्ये सीएसएमटी, पण काकांच्या तोंडून निघतं ते व्हीटीच. काळा घोडा चौकातल्या पुतळ्यातला राजा तर १९६५मध्ये घोड्यासकट राणीच्या बागेत गेला, आणि पन्नासएक वर्षं त्या चौकात नुसतं नावच उभं होतं. २०१७मध्ये तिथे नवा घोडा आला. त्याच्या पाठीवर कुणी नाही. धोबीतलावात तळं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण काकांचं लाडकं नाव दादर टीटी.

(दृश्य: दादर पूर्व, खोदादाद सर्कल. संध्याकाळची गर्दी, बस वळताना.)

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत घोड्यांची ट्राम आली १८७४मध्ये, विजेची १९०७मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून निघाली ती इथे, दादरला येऊन थांबली. रूळ गेले, तारा गेल्या, टीटी राहिलं. काकांनी नोकरीभर या नावाची तिकिटं फाडली. पंचची टिकटिक करत “टीटीवाले, चला, टीटी!” असं ओरडले. अर्थ कळला तो नोंद लिहायच्या वेळी, या मुलीनं विचारलं तेव्हा. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, त्यांनीही नाही.

सवयीच्या शहराबद्दल लिहायचं तर असंच होतं. ज्याला रस्ता पाठ असतो, त्याला तो सांगता येत नाही. बसच्या दारातून काकांनी राणीची बाग हजारो वेळा पाहिली असेल. आत शेवटचे गेले ते मुलगा लहान असताना. नोंदीसाठी मुद्दाम वही घेऊन निघाले, आणि गेटला कुलूप. बुधवार होता. बुधवारी बाग बंद असते. वहीत पहिली ओळ तीच लिहिली, आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

(दृश्य: वहीचं पान. काकांचं अक्षर, खाडाखोड.)

सुरुवातीला काका विशेषणं फार घालायचे. कोपऱ्यावरच्या गाडीसाठी त्यांनी सांगितलं, “लिही, मुंबईतला सर्वोत्तम वडापाव.” मुलीनं बोटं उचलली. इथे जाहिरात चालत नाही, मग ती प्रेमापोटी केलेली का असेना. बऱ्याच घासाघिशीनंतर उरलं ते एवढं: गरम घाणा संध्याकाळी निघतो, सुकी चटणी तिखट असते, बसायला जागा नाही. खरं सांगायचं तर मला ही ओळ वाचून जास्त भूक लागते.

चूक तिच्याही हातून झाली. बाणगंगेचे अक्षांश-रेखांश टाकताना आकडे उलटे पडले. १८.९च्या जागी ७२.८, आणि ७२.८च्या जागी १८.९. वाळकेश्वरचं तळं थेट नॉर्वेच्या वर, समुद्रात! काका नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “इथे कुठली बस जाते गं?”

खोताच्या वाडीवर मात्र दोघं भांडले. लाकडी जिने, कौलारू घरं, गॅलऱ्या. तिला घरन् घर नोंदवायचं होतं. काका ऐकेनात. “तिथे माणसं राहतात. आपल्या गॅलरीत येऊन कुणी फोटो काढले, तर चालतील तुला?” नोंदीत शेवटी वाडी आली, घरं आली नाहीत. आणि एक वाक्य आलं, की ही राहती वस्ती आहे, दारात डोकावू नका.

(दृश्य: डबलडेकर बसचा जुना फोटो.)

नोंदी शिळ्या होतात, अगदी भाकरीसारख्या. मे २०२५मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, एसी बसचं ६ वरून १२. त्याच रविवारी दोघांनी आकडे बदलले. ते सोपं होतं. जुन्या डबलडेकरबद्दलची ओळ काकांनीच सांगून लिहून घेतलेली: वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा, खिडकी उघडी ठेवा. १५ सप्टेंबर २०२३ला ती बस शेवटची धावली. आता धावते ती एसी, तिच्या खिडक्या बंद. मुलगी ओळ खोडायला गेली, तर काकांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एक बोट, एकेक अक्षर.

फॉर्मच्या तळाशी तारखेचा रकाना असतो: ही माहिती शेवटची कधी तपासली. काका तो स्वतः तिथे जाऊन आल्याशिवाय भरू देत नाहीत. फोनवर विचारलेलं त्यांना चालत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. बस स्टॉप. काका रांगेत, काखेत वही.)

आज दादरची पाळी आहे. बस येते. काका चढतात, सुटे पैसे पुढे करतात.

“एक टीटी.”

कंडक्टर विशीतला पोरगा. वर न बघता मशीनचं बटण दाबतो. तिकीट बाहेर येतं.

(बसचा आवाज. काळोख.)