घोरणं ऐकू कसं आलं?

नमस्कार मंडळी. हातातलं काम चालू राहू द्या, ऐकत ऐकत काम होतं.

गेल्या आठवड्यात माझा भाचा घरी आला. गंगापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला, फिटर. चहा झाला, गावाकडचं बोलणं झालं, आणि मग त्यानं खिशातून दोन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. एक कागद छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या कंपनीचा. तिथं युनियन आहे, दर तीन वर्षांनी पगाराचा करार होतो. पण आधी दोन वर्षं ट्रेनी, हातात साडेपंधरा हजार. दुसरा कागद ठेकेदाराचा. त्याचं म्हणणं, उद्यापासून ये, लाइन सांभाळ, बावीस हजार घे.

भाचा म्हणाला, "मामा, साडेसहा हजाराचा फरक हाये. युनियनच्या नोकरीला काय सोनं लागलंय? वर्गणी द्या, गेटवर घोषणा द्या, संप झाला की घरी बसा. कामून जायचं तिथं?"

प्रश्न रास्त आहे. मी १९८९ ते २०२० अशी एकतीस वर्षं वाळूजला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनींच्या खात्यात काढली. बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला सुरू झाला, आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. तशाच एकीत मी होतो. युनियनची पावती एकतीसपैकी एकोणतीस वर्षं फाडली. म्हणून आज यावर बोलतो. आकड्यांचं आधी उरकतो, म्हणजे गोष्टीला वेळ राहील.

पहिलं, पीएफ. बारा टक्के तुमचे, बारा टक्के मालकाचे. कंपनीचा माणूस असो की ठेकेदाराचा, कायदा दोघांना आहे. फरक इतकाच, की ठेकेदाराकडं तो भरला का, हे तुम्हालाच बघावं लागतं. आपला यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागून घ्या आणि मोबाइलवर पासबुक दर महिन्याला उघडा. पुन्हा सांगतो, दर महिन्याला. पोरं रील बघण्यात दोन-दोन तास घालवतात आणि स्वतःच्या पैशाचं पासबुक वर्षातून एकदाही उघडत नाहीत. आमच्या वेळी कंपनीच्या बसमध्ये निदान भांडणं तरी व्हायची, भजनं व्हायची. आता सगळ्यांच्या कानात वायरी. असो.

दुसरं, दवाखाना. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी दवाखान्याचा विमा, सुटतं. भाच्याचे बावीस हजार त्या रेषेच्या पलीकडं जातात. मग दुखणं-खुपणं आलं तर? करार असलेल्या कंपनीत बहुतेक वेळा मेडिक्लेमचं कलम असतं. ठेकेदाराला म्हटलं विचारून बघ, तो काय म्हणतो.

तिसरं, ग्रॅच्युइटी. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सव्वीस हजार असेल, तर वर्षाला पंधरा हजार झाले. वीस वर्षांचे तीन लाख. पण कायम कामगाराची पाच वर्षं भरावी लागतात, आणि ठेकेदाराकडं ती भरतात कुठं? दर दीड-दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं. माणूस तोच, मशीन तीच, पावतीवरचं नाव नवं, आणि नोकरी पुन्हा शून्यापासून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. पण त्यासाठी तसं नेमणुकीचं पत्र हातात पाहिजे. पत्र मागा. तोंडी "ये उद्यापासून" याला किंमत नाही.

झालं आकड्यांचं. आता गोष्ट. आमच्या घरी ही सगळ्यांना पाठ आहे. मी सुरू केली की बायको स्वयंपाकघरात निघून जाते. तुम्ही मात्र ऐका.

फेब्रुवारी १९९८. रब्बीची ज्वारी काढणीला आलेली. गावातली अर्धी माणसं ऊसतोडीला गेलेली, मजूर मिळेना. माझी तिसरी पाळी होती. दिवसभर ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, संध्याकाळी दोन भाकरी खाऊन कंपनीची बस धरायची आणि रात्रभर प्रेस चालवायची. असे पाच दिवस गेले. ज्वारी ज्यानं उपटली आहे त्याला कमरेचं सांगायला नको.

सहाव्या रात्री माझ्या प्रेसची डाय, म्हणजे साचा, बिघडली. टूलरूमचा माणूस डाय काढून घेऊन गेला, तासभर लागेल म्हणाला. मी भंगाराच्या पेटीमागं एक पुठ्ठा अंथरला. माझ्याबरोबर एक हेल्पर होता, ठेकेदाराचा. मंठ्याकडचा पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा. आम्ही त्याला मंठाच म्हणायचो. त्याला म्हटलं, "साहेब आला तर हलव मला."

साहेब आला. त्यानं हलवलं. मी हललो नाही.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर बॅटरीचा उजेड होता. सकाळी निलंबनाचं पत्र हातात, आठ दिवसांनी आरोपपत्र घरी. त्यातलं एक वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. "सदर कामगार पुठ्ठ्यावर गाढ झोपलेल्या स्थितीत आढळला, त्याच्या घोरण्याचा आवाज दहा फुटांवरून स्पष्ट ऐकू येत होता." निलंबनात पहिले नव्वद दिवस अर्धा पगार मिळतो. त्या अर्ध्या पगारावर मी राहिलेली ज्वारी काढली, खळं केलं, कडबा रचला. पण जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी तेव्हा चार वर्षांची. नोकरी गेली असती तर आमची कोरडवाहू पाच एकर काय पुरणार होती?

चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी म्हणून शहरातले एक वकील आले. कंपनीकडून एचआरचा माणूस, कोट-टाय घातलेला. आणि माझ्याकडून आमचे युनियनचे अध्यक्ष. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. शिक्षण सातवी, डोक्याला टोपी, खिशात तंबाखूची डबी. मला वाटलं, संपलं आपलं.

रात्रपाळीच्या साहेबांची उलटतपासणी सुरू झाली. तात्या अगदी अदबीनं बोलायला लागले. "साहेब, त्या रात्री शॉपमध्ये किती प्रेस चालू होत्या?"

साहेब म्हणाले, "याची सोडून बाकी अकरा."

"आपल्या शॉपच्या दारावर पाटी आहे, ती काय म्हणते?"

"इअर प्लगशिवाय आत प्रवेश नाही."

"तुम्ही आत आलात तेव्हा कानात प्लग होते?"

आता बघा. साहेबाला हो म्हणणं भाग होतं. नाही म्हटलं असतं तर सुरक्षेचा नियम साहेबानंच मोडला, असं कागदावर आलं असतं. साहेब ताठ होऊन म्हणाले, "अर्थात होते."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अकरा प्रेस चालू. कानात बोळे. दहा फुटांचं अंतर. मग घोरणं ऐकू कसं आलं?"

खोलीत कोणी बोलेना. वकिलांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, आणि मला नक्की माहीत आहे, ते पाणी पीत नव्हते, हसू लपवत होते. साहेब म्हणाले, "मी ऐकलं नाही, मी पाहिलं." तात्या म्हणाले, "मग स्पष्ट ऐकू येत होता, हे सहीनिशी लिहिलं कोणी?" मग पुढं, पुठ्ठा किती फुटांचा, पाय कुठल्या दिशेला, बॅटरी कोणत्या हातात. साहेब एका प्रश्नाला एक सांगायचे, दुसऱ्याला दुसरं. शेवटी टूलरूमचं रजिस्टर मागवलं. डाय नेल्याची नोंद निघाली. म्हणजे माझ्या प्रेसला काम नव्हतंच. दोन महिन्यांनी मी एका ताकीदपत्रावर परत कामावर आलो. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी जाईन तिथं पोरं घोरण्याचे आवाज काढायची. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा काढले.

कॅन्टीनचं निघालं म्हणून सांगतो, आमच्या कॅन्टीनचा चहा इतका पातळ असायचा की कपाच्या तळाचं कंपनीचं चिन्ह दिसायचं. तीन करार झाले, पगार वाढला, चहा तसाच राहिला. मला विचाराल तर पुढाऱ्यांनी कधी एक करार नुसता चहावर करायला हवा होता.

आता, मंडळी, मी झोपलो होतो का? हो. गाढ झोपलो होतो. घोरत असणारच, बायको साक्षीला आहे. निवृत्त झालोय म्हणून रेडिओवर सांगतो.

आणि तो मंठा? त्याचा गेटपास त्याच पहाटे काढून घेतला. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, अर्धा पगार नाही. तो जागा होता. पुन्हा सांगतो, झोपलो होतो मी, आणि जागा होता तो. मी तात्यांना विचारलं, "त्या पोराचं काय?" तात्या म्हणाले, "तो आपला सभासद नाही. ठेकेदाराचा आहे." माझ्या चौकशीचे कागद अजून ट्रंकेत आहेत. त्यात त्याचा उल्लेख एकदाच येतो, "सोबत एक कंत्राटी मदतनीस". नाव नाही. माझ्याही तोंडात त्याचं खरं नाव कधी नव्हतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही झोपले तरी वाचले आणि जागा असलेला गेला. हे बरोबर हाये का?"

बरोबर नाहीच. पण त्याला म्हटलं, उद्या रात्री तुझ्या तोंडावर बॅटरी पडली, तर तू कोणत्या गेटपासवर उभा असशील, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, तेवढं ठरव. साडेसहा हजाराचा फरक त्याच्याशी ताडून बघ.

युनियनचा तोटा नाही असं मी म्हणत नाही. आमचा एक करार एकोणीस महिने रखडला. त्या काळात उसनवारीवर घर चाललं, आणि फरकाची रक्कम आली तेव्हा त्यातून युनियनची एकरकमी वर्गणी आधी कापली गेली. चांगल्या हाताचा माणूस आणि मठ्ठ माणूस, दोघांना वाढ सारखीच. माझ्या शेजारच्या प्रेसवर एक कारागीर होता, डाय नुसती बोटानं चाचपून किती झिजलीय ते सांगायचा. कंटाळून तो स्वतःचं वर्कशॉप टाकायला निघून गेला. मग झेंड्याची भांडणं, म्हणजे एकाच कंपनीत दोन युनियनची. मान्यता मिळवायला १९७१ च्या राज्याच्या कायद्यात सहा महिने तीस टक्के सभासद दाखवावे लागत. आता नव्या संहितेत वाटाघाटीचा एकट्याचा हक्क एक्कावन्न टक्के असलेल्या युनियनला. म्हणजे पावत्यांची ओढाताण वाढणार, हे माझं मत.

आणि संप. आपल्याकडं संप म्हटलं की एसटी आठवते. २०२१ च्या दिवाळीआधी गाड्या थांबल्या त्या पुढच्या एप्रिलपर्यंत सुरळीत झाल्या नाहीत. कॉलेजच्या पोरी गावातच अडकल्या, कंडक्टर-ड्रायव्हरांच्या घरांत पगार नाही, आणि एसटीच्या सरकारात ज्या विलीनीकरणासाठी सगळं केलं ते झालं नाही. आता तर नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावं लागतं, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरतात. आमच्या वेळची ती जुनी युक्ती गेली.

भाच्याला मी एकच काम लावलं. कागद वाचून काही कळत नाही. पाळी सुटायच्या वेळी त्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बस. अंगावर जुना, धुवून फिका पडलेला गणवेश असलेला माणूस गाठ आणि विचार, मागच्या बॅचचे किती ट्रेनी कायम झाले? कारण दोन वर्षं ट्रेनी म्हणून राबवून पोरं सोडून देणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि ट्रेनीला युनियनचं छत्र बहुतेक ठिकाणी नसतंच. हा प्रश्न नीट ऐका, मागच्या बॅचचे किती कायम झाले? उत्तर चांगलं आलं तर साडेपंधरा हजार घे. उत्तर देताना समोरचा चहाकडं बघायला लागला, तर बावीस हजार बरे.

आणखी एक. सोयरीक बघायला गेलं की मुलीकडचे पहिलं विचारतात, पर्मनंट आहे का? पाच एकर बागायत असली तरी हाच प्रश्न. मला हे पटत नाही, शेतकऱ्याच्या पोरानं काय पाप केलंय? पण विचारतात हे खरं.

तो परवा टपरीवर दोन तास बसून आला. तीन जुन्या कामगारांशी बोलला. मागच्या बॅचचे सतरापैकी चौदा कायम झालेत म्हणे. सोमवारी तो वाळूजला रुजू होतोय. काचेपलीकडून मला वेळ संपल्याची खूण होतेय, तेव्हा थांबतो. तेवढं बहिणीला फोन करून सांगायचं राहिलंय, की त्याची तिसरी पाळी असेल त्या आठवड्यात त्याला ज्वारी उपटायला बोलावू नको, मजूर लाव. पैसे मी देतो.

नमस्कार.