उबंटूचं अपडेट अडकलंय? लॉकच्या फाइलला हात लावू नका

नमस्कार मंडळी!

ही स्क्रीन बघा. उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची लिनक्स सिस्टिम, टाकून तिसराच दिवस. सॉफ्टवेअर अपडेटर उघडलं, पासवर्ड दिला, आणि पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. वैतागून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं, तर तिथे 'लॉक मिळत नाही' म्हणून एरर. नवीन माणूस इथेच हाय खातो. तुमचं काही चुकलेलं नाही. आत काय चाललंय ते अपडेटरची खिडकी धड सांगत नाही, हा तिचाच दोष आहे.

लॉक म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी सॉफ्टवेअर बदलू नये म्हणून लावलेलं कुलूप. नेटवर शोधलं की सल्ला मिळतो, लॉकची फाइल डिलीट करा. कृपा करून करू नका. ती फाइल तिथे कायम असते, नुसती दिसली म्हणजे कुलूप लागलंय असं नाही. कुलूप लावतो एखादा चालू प्रोग्रॅम, आणि बहुतेक वेळा तो 'अनअटेंडेड अपग्रेड्स' असतो. लॅपटॉप दोन दिवस बंद होता ना? मग चालू केल्यावर थोड्याच वेळात तो मागच्या मागे सुरक्षेची अपडेट बसवायला लागतो. एररमध्येच त्याचं नाव लिहिलेलं असतं, वाचा. फाइल उडवलीत तर दोन प्रोग्रॅम एकाच नोंदवहीत एकदम लिहायला लागतील. पंधरा-वीस मिनिटं द्या, चहा घेऊन या.

आता दुसरी गोष्ट. मावशीच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली, आणि ऐन अपडेटमध्ये लाइट गेली. दुसऱ्या दिवशी अपडेटर उघडेना. टर्मिनलने मात्र उपाय स्वतःच छापून दिला: डीपीकेजीचं (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम मध्येच तुटलंय, ही कमांड चालवा. तीच आता स्क्रीनवर आहे: सुडो, डीपीकेजी, दोन डॅश आणि लगेच कॉन्फिगर, मग जागा सोडून एक डॅश आणि ए.

डीपीकेजी आधी पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, उलगडून ठेवतं, मग ते सेट करतं. लाइट या दोन्हींच्या मध्ये गेली होती. ही कमांड उरलेली सगळी पॅकेजं सेट करते. 'सेटिंग अप'च्या ओळी भराभर पळाल्या आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस'पाशी, म्हणजे सिस्टिम सुरू होताना लागणारी फाइल बनवण्याच्या पायरीपाशी, सगळं थबकलं. मावशी म्हणाली, "अरे, परत अडकलं की काय!" नाही. जुन्या हार्डडिस्कवर तिथे वेळ लागतोच. काम मध्येच तोडणारं कंट्रोल-सी दाबू नका. एखाद्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलबद्दल वाय की एन विचारलं आणि काही कळलं नाही, तर नुसतं एंटर दाबा, तुमची आहे तीच फाइल राहते.

तरीही पॅकेज तुटलेलीच दिसली, तर ही कमांड: सुडो एपीटी, जागा सोडून दोन डॅश आणि लगेच फिक्स-ब्रोकन, मग जागा सोडून इन्स्टॉल. पण होकार देण्याआधी काय काय काढलं जाणार आहे ती यादी वाचाच. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या व्हिडिओत लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएसवर (उबंटूवरच बेतलेल्या सिस्टिमवर) स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं आणि अख्खा डेस्कटॉप उडाला. मूळ गडबड पॅकेजमध्ये होती, त्याच्यात नाही. पण यादी स्क्रीनवर आली होती, आणि होकाराचं अख्खं वाक्य टाइप करायला लावलं होतं. यादीत डेस्कटॉपचं नाव दिसलं की एन दाबा आणि थांबा.

मावशीकडे आता टाइमशिफ्ट आहे, सिस्टिमची आत्ताची स्थिती (स्नॅपशॉट) जपून ठेवणारं ॲप. मोठ्या अपडेटआधी ती एक स्नॅपशॉट घेते आणि चार्जर लावून बसते. तुमचं कुठे अडलं असेल, तर टर्मिनलमधल्या शेवटच्या दहा ओळी कॉमेंटमध्ये टाका. फोटो नको, कॉपी करून टाका, म्हणजे मला नीट वाचता येतील.