मेगर झकास आला, पण केबल म्हातारी झालीय त्याचं काय?

नमस्कार श्रोतेहो. आज केबलच्या म्हातारपणाबद्दल बोलायचंय. तांब्याचं नाही हं, आतलं तांबं वर्षानुवर्षं तसंच राहतं, म्हातारं होतं ते त्याच्या अंगावरचं प्लॅस्टिक नाहीतर रबर, म्हणजे इन्सुलेशन.

मी केबल टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आणि अगदी सुरुवातीला माझी एक फजिती झाली ती आधी सांगतो. एक जुनी कंट्रोल केबल होती. मेगर मारला, म्हणजे ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजला, तर रीडिंग एकदम झकास, मेगओहमचा काटा पार टोकाला. मी खुशाल ओके लिहून मोकळा. दुसऱ्या दिवशी वायरमनने लग, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं टोपण, बदलायला कोअर, म्हणजे आतली एक तार, जरा वाकवली आणि इन्सुलेशनची टरफलं हातात आली, आत उघडं तांबं! मला वाटलं मेगर बिघडलाय. तो बरोबरच होता हो, मी त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. कडक, ठिसूळ पण कोरडं असलेलं इन्सुलेशन करंट अडवतंच की, जोवर कुणी हलवत नाही तोवर. एकदा तडा जाऊन त्यात ओल शिरली की मग मेगर ओरडतो, पण तोवर ब्रेकर ट्रिप होऊन गेलेला असतो.

म्हातारपण आणते मुख्यतः उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन. पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे, ते हळूहळू उडून जातं आणि पीव्हीसी कडक होतं. पॉलिथिनमध्ये अँटिऑक्सिडंट घातलेलं असतं, ते आहे तोवर ठीक, संपलं की पुढची घसरण फार झपाट्यानं होते. साधारण हिशोब असा की तापमान ८-१० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून तर पीव्हीसीच्या कंडक्टरला ७० अंश आणि एक्सएलपीईला, म्हणजे क्रॉस-लिंक केलेल्या पॉलिथिनला, ९० अंशांची मर्यादा घालून दिलेली असते.

मग वय ओळखायचं कसं? लॅबची खात्रीची पद्धत म्हणजे इन्सुलेशनचा तुकडा कापून तुटेपर्यंत ताणायचा. नवा तुकडा मूळ लांबीच्या दुपटी-तिपटीच्याही पुढे जातो, म्हातारा लगेच तुटतो. अणुऊर्जा केंद्रांमध्ये तुकडा तुटेपर्यंत मूळ लांबीच्या जेमतेम ५० टक्केच वाढू लागला की केबलचे दिवस भरले असं बरेचदा धरतात. पद्धत उत्तम, पण त्यासाठी केबल कापावी लागते! आणि शितावरून भाताची परीक्षा ही म्हण केबलला लागू होत नाही, कारण भात एका पातेल्यात सारखा शिजतो, केबल मात्र एका ठिकाणी तापलेल्या पाइपवरून जाते आणि दहा मीटर पुढे गार सावलीत असते. तुकडा नेमका सावलीतला कापला तर सगळं आलबेल दिसणार.

म्हणून न कापता तपासायच्या पद्धती. मला सगळ्यात आवडतो तो इंडेंटर. एक बारीक बोथट टोक केबलच्या जॅकेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, ठरलेल्या वेगानं किंचित दाबायचं आणि किती जोर लागला ते बघायचं, आपण आंबा दाबून बघतो ना तसंच, फक्त इथे आकडा मिळतो आणि केबलवर धड ओरखडाही राहत नाही. पीव्हीसी आणि बऱ्याच रबरांना हे छान चालतं. एक्सएलपीईला मात्र फारसं नाही, ते मुळातच ताठ असतं आणि वयानुसार त्याचा ताठरपणा बराच काळ बदलत नाही, त्यामुळे इंडेंटर तिथे गप्प बसतो. हे न कळता कुणी एक्सएलपीईवर इंडेंटर लावून सर्टिफिकेट दिलं की माझं डोकं फिरतं.

तिथे विजेनंच विचारावं लागतं. चांगलं इन्सुलेशन कपॅसिटरसारखं वागतं, त्यातला करंट व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असतो. इन्सुलेशन खराब झालं की तो कोन थोडा कमी पडतो, आणि तो जितका कमी पडला त्याचा टॅन म्हणजे टॅन डेल्टा. लांब केबलला ५० हर्ट्झवर टेस्ट करायचं तर ट्रकभर मशीन लागेल, म्हणून ०.१ हर्ट्झ वापरतात, चार्जिंग करंट ५०० पटीनं कमी. व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं, केबलच्या नेहमीच्या व्होल्टेजच्या अर्धं, पूर्ण, दीडपट असं वाढवायचं, आणि टॅन डेल्टाही सोबत चढत गेला तर ओलीमुळे आत वॉटर ट्री, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखे बारीक पाणीदार मार्ग, वाढल्याचा संशय घ्यायचा. पण टॅन डेल्टा सगळ्या केबलची सरासरी सांगतो, जागा नाही.

जागा हवी तर पार्शल डिस्चार्ज, इन्सुलेशनच्या पोकळीत होणाऱ्या बारीकशा ठिणग्या, पिकोकूलॉममध्ये मोजतात, जॉइंट आणि टर्मिनेशनमधली, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीतली, गडबड यात सुंदर सापडते. गंमत म्हणजे वॉटर ट्री स्वतः ठिणगी टाकतच नाही, तो अगदी शेवटी इलेक्ट्रिकल ट्री, म्हणजे ठिणग्यांनी पोखरलेला मार्ग, झाला की मगच, त्यामुळे डिस्चार्ज शून्य आला म्हणून नाचू नये. दुसरा मार्ग प्रतिध्वनीचा. केबलमध्ये पल्स सोडायचा, एक्सएलपीईत तो मायक्रोसेकंदाला साधारण १६० मीटर धावतो, म्हणजे ५ मायक्रोसेकंदांनी परत आला तर दोष ४०० मीटरवर. तुटलेली तार यात सहज कळते, नुसतं वय मात्र फ्रिक्वेन्सी बदलत बदलत विचारलं तरच थोडंफार कळतं.

आणि एक टेस्ट जी जुन्या एक्सएलपीईवर करूच नये, डीसी हायपॉट, म्हणजे खूप जास्त डीसी व्होल्टेज देऊन केबल टिकते का बघणं. इन्सुलेशनमध्ये चार्ज अडकून बसतो, केबल टेस्ट पास होते आणि परत चालू केल्यावर काही दिवसांनी फुटते! तपासणीनंच घात केला म्हणायचा.

तर माझ्या त्या कंट्रोल केबलवर नंतर इंडेंटर दर मीटरला लावत गेलो. जंक्शन बॉक्सपासून चार मीटर दगडासारखी कडक, कारण खालून वाफेचा पाइप जात होता, आणि त्यापुढे अगदी मऊ. सगळी बदलावी लागली नाही, तेवढा तुकडा काढला, जॉइंट गार जागी केला, पाइपवर उष्णतारोधक गुंडाळलं. तेव्हापासून प्रत्येक रीडिंगपुढे त्या वेळचं तापमानही लिहितो, कारण १० अंश जास्त असले की मेगरचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि मग दोन वर्षांची तुलनाच होत नाही.