पासवर्ड बरोबर आहे, तरी लिनक्स बूट होत नाही? आधी मॅपिंगचं नाव बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "दादा, डिस्क एन्क्रिप्ट केली, पासवर्ड शंभर टक्के आठवतोय, पण मशीन सुरू होताना तो विचारतच नाही, काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएस असं लिहून थांबतं." आज फक्त ह्यावरच बोलायचंय. डेबियन, उबंटू आणि त्यांच्यावर बेतलेल्या, इनिटरॅमएफएस-टूल्स वापरणाऱ्या सिस्टिम्सबद्दल बोलतोय. फेडोरावाल्यांचं ड्रॅकट, म्हणजे तेच काम करणारं दुसरं साधन, वेगळं आहे, त्याचा व्हिडिओ वेगळा करू.

बेसिक पटकन. तुमची रूट डिस्क, म्हणजे जिच्यावर सिस्टिम आहे ती, लक्स या लिनक्सच्या एन्क्रिप्शन पद्धतीने कुलूपबंद आहे. ती उघडेपर्यंत सिस्टिमला स्वतःच्याच फाइली वाचता येत नाहीत, म्हणून बूट पार्टिशनमध्ये इनिटरॅमएफएस नावाची छोटी इमेज असते. ती आधी मेमरीत चढते, तिच्यातलं क्रिप्टसेटअप पासवर्ड विचारतं आणि डिस्क उघडतं. उघडलेली डिस्क सिस्टिमला एका नावाने दिसते, तेच मॅपिंग. ही इमेज म्हणजे गावाला निघताना भरलेली पिशवी. नंतर घरात काहीही बदला, पिशवीत ते आपोआप जात नाही. क्रिप्टटॅब, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या नावाने उघडायची ती यादी, बदललंत, कीबोर्ड लेआउट बदललात, तर इमेज नव्याने बनवणारी अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड चालवायलाच हवी. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

घोळ होतो दुरुस्ती करताना. मशीन अडकलं की आपण लाइव्ह पेनड्राइव्ह लावतो, फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक करतो, पासवर्ड देतो, डिस्क उघडते. मग सीएच-रूट करून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून, आत जातो, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवतो, रीस्टार्ट करतो, आणि पुन्हा तीच काळी स्क्रीन. कारण फाइल मॅनेजरने डिस्क उघडली ती "लक्स, डॅश, लांबलचक यूयूआयडी" अशा नावाने; यूयूआयडी म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक. तुमच्या क्रिप्टटॅबमध्ये नाव दुसरंच आहे, समजा इन्स्टॉलरने दिलेलं "एनव्हीएमई झिरो एन वन पी थ्री, अंडरस्कोअर, क्रिप्ट". इमेज बनवणारी स्क्रिप्ट बघते की आत्ता रूट कुठल्या मॅपिंगवर आहे, आणि तेच नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधते. सापडलं नाही की ती डिस्क इमेजमध्ये नोंदवलीच जात नाही. मग बूटला पासवर्ड विचारणार कोण?

माझ्या मामेभावाचं अगदी हेच झालं. पेणला त्याचं जीएसटी रिटर्न भरायचं ऑफिस आहे, सगळ्या गिऱ्हाइकांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट्स त्या लॅपटॉपवर, म्हणून एन्क्रिप्शन हवंच. नवीन एसएसडी टाकली, तिच्यावर नवं लक्स बनवलं, फाइली कॉपी केल्या, क्रिप्टटॅबमध्ये नवा यूयूआयडी भरला. सगळं नीट. फक्त डिस्क उघडली होती माउसने क्लिक करून. मी फोनवर त्याला शेवटच्या कमांडचं आउटपुट वाचायला लावलं, तर त्यात स्पष्ट ओळ होती: "वॉर्निंग, टार्गेट नॉट फाउंड इन क्रिप्टटॅब". मंडळी, ही ओळ आली की रीस्टार्ट करायचं नाही! खाली प्रॉम्प्ट परत आला म्हणजे काम झालं असं समजून लोक सरळ रीबूट मारतात, ह्याचा मला खरंच त्रास होतो. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी ती वॉर्निंग मुद्दाम तुमच्यासाठी लिहून ठेवली आहे.

एकाने कमेंट केली होती, "डिस्क उघडताना नाव काहीही दिलं तरी चालतं". हो, डेटा डिस्क उघडून फोटो काढून घ्यायचे असतील तर चालतं. इनिटरॅमएफएस बनवताना चालत नाही. म्हणून टर्मिनलवर डिस्क हाताने उघडा. रूट पार्टिशनचं क्रिप्टटॅब आपल्याला अजून दिसत नाही, बरोबर? मग आधी कुठल्याही नावाने उघडा, क्रिप्टटॅबची पहिली कॉलम वाचा, अनमाउंट करा, मॅपिंग बंद करा आणि त्याच नावाने पुन्हा उघडा. एलव्हीएम, म्हणजे डिस्कच्या आत व्हॉल्यूम पाडून देणारी व्यवस्था, असेल तर बंद करण्याआधी व्हॉल्यूम ग्रुप डीअ‍ॅक्टिव्हेट करा. अक्षर न् अक्षर तेच हवं. कमांड्स स्क्रीनवर देतोय, व्हिडिओ थांबवून लिहून घ्या.

मग सीएच-रूट करून आत गेल्यावर, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवण्याआधी आणखी एक: क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे पॅकेज आहे का बघा. 2019 च्या डेबियन बस्टरपासून ते वेगळं पॅकेज आहे, ऑटोरिमूव्हमध्ये, म्हणजे नको असलेली पॅकेजेस काढताना, उडालं असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. बूट पार्टिशन भरलेलं नाही ना, तेही पाहा.

मग तपासणी. नुसतं "क्रिप्ट" शब्द शोधून समाधान मानू नका. इमेज अन-एमके-इनिटरॅमएफएसने एखाद्या फोल्डरमध्ये सोडवा आणि क्रिप्टरूट फोल्डरमधली क्रिप्टटॅब उघडून बघा. फाइल असते, पण रिकामी असू शकते. तुमचं नाव आणि यूयूआयडी असलेली ओळ दिसली, तरच रीस्टार्ट. आणि सगळ्या कर्नलच्या इमेज एकदम बदलू नका. साधं डॅश यू दिलं तर फक्त सगळ्यात नव्या कर्नलची बदलते, जुनी चालत असेल तर अडचणीला राहते.

पासवर्ड विचारतो पण "चुकीचा" म्हणतो, त्यांच्यासाठी: नमपॅडवरून आकडे टाकत असाल तर नमलॉक बघा, आणि यूके लेआउट निवडला असेल तर अ‍ॅट आणि डबल कोट यांच्या जागा बदलतात. पासवर्ड देवनागरीत ठेवू नका, बूटच्या वेळी आयबस, म्हणजे देवनागरी टाइप करू देणारा प्रोग्रॅम, नसतं.

"एंटर दाबून ठेवला की डिस्क उघडते" हीही कमेंट सारखी येते. 2016 मध्ये हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी दाखवलेली ती त्रुटी, सीव्हीई-2016-4484. साधारण 70 सेकंद एंटर दाबून धरलं की पासवर्डच्या स्क्रिप्टचे प्रयत्न संपायचे आणि इनिटरॅमएफएसचं रूट शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेली कमांड लाइन, मिळायचं. डिस्क तेव्हाही बंदच राहायची. त्रुटी नंतर दुरुस्त झाली. पासवर्ड विसरलेल्यांना त्यातून काही मिळत नाही.

अडकलात तर कमेंटमध्ये अपडेट-इनिटरॅमएफएसचं पूर्ण आउटपुट आणि क्रिप्टटॅबची ओळ टाका. लक्स हेडरचा, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या कुलपाच्या माहितीचा, बॅकअप मात्र मला किंवा कोणालाही पाठवू नका. परवा एकाने ईमेलने पाठवला, मी तो न उघडता डिलीट केला. ती फाइल हातात असली की तुमच्या लॅपटॉपशिवायही पासवर्डचा अंदाज लावत बसता येतं.