एकेकोच्या अंगावर काय बांधाल?

नमस्कार श्रोतेहो.

बोलिव्हियातलं ला पाझ हे शहर अँडीज पर्वतात, साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलंय. दरवर्षी २४ जानेवारीला तिथे अलासिता नावाची जत्रा भरते. बरोबर दुपारी बाराला केलेली खरेदी फळते अशी श्रद्धा, त्यामुळे बाराच्या सुमाराला एकच झुंबड उडते.

विकायला असतं ते सगळं भातुकलीच्या मापाचं. नखाएवढ्या विटा, सिमेंटच्या इवल्या गोण्या, मोटारी, पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं, नोटांच्या गड्ड्या. जोडीदार हवा असेल तर कोंबडा किंवा कोंबडी. वर्तमानपत्रंसुद्धा तळहातावर मावतील अशी छापली जातात.

घेतलेली वस्तू मग यातिरीकडे न्यायची. यातिरी म्हणजे आयमारा लोकांचे जाणते पुरोहित. ते ती धुपाच्या धुरावर धरतात, वर फुलांच्या पाकळ्या टाकतात, दारू शिंपडतात. तिथून पुष्कळ जण चर्चमध्ये जाऊन पवित्र पाणीही घेतात.

या जत्रेचा खरा मानकरी एकेको, म्हणजे भरभराटीचा देव; त्याची छोटी मूर्ती लोक घरात ठेवतात. बुटका, गुटगुटीत, मिशीवाला. डोक्यावर लोकरीची कानटोपी, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. त्या तोंडात आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी, पेटवलेली सिगारेट ठेवतात. वर्षभरात जे हवं, ते त्याच्या अंगावर बांधायचं: पिठाची पिशवी, तेलाची बाटली, घर, गाडी.

मला यातला मागण्याचा नेमकेपणा फार भावतो. ‘भरभराट होऊ दे’ असं मोघम इथे चालत नाही. घर हवं तर किती मजल्यांचं, हे ती वस्तू निवडतानाच ठरवावं लागतं. शिवाय एकेको स्वतःसाठी विकत घ्यायचा नाही, तो कुणीतरी भेट द्यावा, असं पुष्कळ जण मानतात. दुसऱ्याच्या घरात धान्य असावं म्हणून आपण पैसे मोडायचे, ही रीत मला तरी थोर वाटते.

१७८१ मध्ये तुपाक कातारीच्या नेतृत्वाखाली आयमारांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठून ला पाझला वेढा घातला. शहरात लोक उपासमारीने मेले. लोककथा अशी, की एका मोलकरणीजवळ तिच्या प्रियकराने दिलेला एकेको होता आणि ती राहायची त्या घरात अन्न कधी संपलं नाही. पुढे गव्हर्नर सेगुरोलाने ही जत्रा २४ जानेवारीला, ला पाझच्या मातेच्या, म्हणजे मेरीच्या सणाशी जोडली, असं सांगतात.

पण एकेकोचं मूळ त्याहून कितीतरी जुनं. तिवानाकू या ला पाझजवळच्या प्राचीन ठिकाणी लोक एक छोटी दगडी मूर्ती पूजत असत. १८५८ मध्ये योहान याकोब फोन चुडी या स्विस प्रवाशाने कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची बाटली देऊन ती मिळवली. हा प्रसंग त्याच्याच प्रवासवर्णनात आहे. बाटलीच्या मोबदल्यात देव नेणं याला मी व्यवहार म्हणणार नाही. पुढे ती मूर्ती स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयात गेली. बोलिव्हियातले लोक तिला एकेकोचा पूर्वज मानतात. त्यांच्या सरकारने मागणी लावून धरली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मूर्ती मायदेशी परतली. २०१७ मध्ये युनेस्कोने ला पाझमधल्या अलासिताच्या विधींना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

तुमच्यापैकी कुणी जानेवारीत त्या बाजूला जाणार असाल, तर २४ तारखेला सकाळीच जत्रेत पोहोचा. बारा वाजता यातिरींपाशी उभं राहायलाही जागा मिळत नाही.