हौसेचा चित्ता आणि उसातली वाघाटी

श्रोतेहो, नमस्कार. परदेशातल्या एखाद्या बंगल्यात सोफ्यावर ऐटीत बसलेला सर्व्हल किंवा कॅराकल असा रानटी मार्जार मोबाईलवर पाहिला की पुण्यातही काहींना तसे जनावर आपल्या घरी असावे असे वाटू लागते. लहानपणापासून हाताळले की मार्जारकुळातले कोणतेही जंगली पिल्लू घरचे होते, हा या हौसेमागचा समज आहे. तो कितपत खरा आहे हे पाहायला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही, कोल्हापूरपर्यंत गेले तरी पुरे.

कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते बाळगले जात आणि देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर विसाव्या शतकात ते आफ्रिकेतून आणवले गेले. डोळ्यांवर झापड घातलेला चित्ता त्याला सांभाळणाऱ्या चित्तेवानासोबत गाडीतून माळावर मुकाट जाई, इतका तो माणसाला सरावलेला असे. मात्र शिकार करायला पिल्लाला त्याची आई शिकवते, म्हणून शिकारखान्यासाठी पकडला जाई तो वाढलेला, जाणता चित्ताच. मोगलांच्या पदरी तर शेकडो चित्ते होते. तरीही त्या साऱ्या काळात बंदिवासात पिल्ले झाल्याची एकच नोंद सापडते, ती जहांगीर बादशहाच्या आठवणींत. म्हणजे शतकानुशतके हौस राजदरबारची, खर्च खजिन्याचा, आणि दर नवा चित्ता पुन्हा जंगलातूनच! घरच्या मांजराचा वंश सुमारे दहा हजार वर्षे माणसाजवळ राहिलेला आहे, सर्व्हलचा नाही.

सर्व्हल उडता पक्षी पकडण्यासाठी दोन-तीन मीटर उंच झेपावतो आणि मूत्र फवारून आपली हद्द आखतो, तेव्हा दिवाणखान्याचे काय होईल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. त्याहून गंभीर गोष्ट आहाराची. लाडाने नुसते बिनहाडाचे चिकन खाऊ घातले, तर कॅल्शियमअभावी वाढत्या पिल्लाची हाडे वाकतात, प्रसंगी मोडतात.

कायदाही आता सैल राहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या (साइट्स) परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. आपल्याकडच्या वाघाटीसारख्या, कायद्याच्या पहिल्या म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतल्या प्राण्याला पकडल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

वाघाटीचे नाव मुद्दाम घेतले. जेमतेम दीड किलोची ही मांजर जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असून जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातल्या उसात ती पिल्ले घालते. गळीत हंगामात फड तोडला जात असताना पिल्ले उघड्यावर येतात, आई जवळपास दडलेली असते, आणि पाहणाऱ्याला मात्र ती अनाथ वाटतात. दयेपोटी उचलून गाईचे दूध पाजले की त्यांना जुलाब लागतात. बिबट्याच्या पिल्लांचीही अशीच गल्लत होते.

अशा वेळी पिल्लांना हात न लावता तेवढ्या भागातली तोडणी थांबवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पशुवैद्यकाकडून तपासणी झाल्यावर कर्मचारी पिल्ले खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि गर्दी दूर ठेवतात. जुन्नर परिसरात अशा रीतीने अनेक पिल्ले त्यांच्या आईने परत नेली आहेत.